‘जगभर ऐकू गेलेला बार’ : एका शब्दप्रयोगाची वाटचाल

इंग्रजी भाषेत १९ एप्रिल १७७५ या दिवसाशी निगडित असा एक शब्दप्रयोग रूढ आहे. ‘जगभर ऐकू गेलेला बार’ असे त्याचे मराठी रूपांतर स्थूलमानाने करता येईल. मॅसॅच्युसेट्समधील कॉन्कॉर्ड या गावच्या पुलावर झालेल्या चकमकीसंबंधी राल्फ वाल्डो एमर्सन याने रचलेल्या व १८३७ साली गायिल्या गेलेल्या एका स्मारकगीतातून तो प्रचारात आला. पुढे सारायेवो येथील १९१४ च्या हत्येस तो लावण्यात आला. आणि १९५१ साली न्यूयॉर्कच्या एका मैदानावर बेसबॉलच्या खेळाडूने मारलेल्या फटक्यालाही तोच बहाल झाला. आज अमेरिकेत हा शब्दप्रयोग उच्चारला असता ऐकणाऱ्याच्या मनात यांपैकी कोणता प्रसंग प्रथम उभा राहील, हे त्याचे वय आणि आवडीनिवडी पाहून ठरवावे लागते.

‘स्थूलमानाने’ असे म्हणण्यास कारण आहे. मूळ इंग्रजी नाम बंदुकीचा बार, त्यातून सुटलेली गोळी आणि खेळातील टोला या तिन्ही अर्थांनी वापरले जाते. मराठीत यांना तीन निराळे शब्द आहेत. कॉन्कॉर्डपासून सारायेवोपर्यंत मराठी भाषांतरकार ‘बार’ या एका शब्दावर निभावून नेऊ शकेल. न्यूयॉर्कला पोहोचताच मात्र त्याला ‘बार’ टाकून ‘फटका’ म्हणावे लागेल, आणि त्याबरोबर सगळी गंमत नाहीशी होईल. इंग्रजीला हा अडसर नसल्यामुळेच इतिहासातील एक गंभीर उक्ती क्रीडावृत्ताच्या मथळ्यात इतक्या सहजतेने जाऊन बसली. परंतु भाषेची ही सोय एवढेच त्याचे कारण नव्हे. मुळात कोणता बार, कोणी उडविलेला आणि कोणाला ऐकू गेलेला, हे प्रश्न पहिल्यापासूनच वादाचे होते. त्या वादाचा वृत्तान्त या शब्दप्रयोगाच्या पुढील प्रवासाहून अधिक उद्बोधक आहे.

बोस्टन येथे तळ देऊन असलेला मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर व सेनापती जनरल टॉमस गेज याने १८ एप्रिल १७७५ च्या रात्री सुमारे सातशे शिपायांची एक तुकडी लेफ्टनंट कर्नल फ्रान्सिस स्मिथ याच्या हाताखाली कॉन्कॉर्डकडे रवाना केली. वसाहतवाल्यांनी तेथे साठविलेला दारूगोळा व तोफा हस्तगत करून नष्ट करणे एवढाच मोहिमेचा हेतू होता. मोहीम गुप्त राहिली नाही. पॉल रिव्हिअर, विल्यम डॉज आणि सॅम्युएल प्रेस्कॉट या घोडेस्वारांनी रातोरात गावोगाव वर्दी दिली. तिघांपैकी कॉन्कॉर्डपर्यंत पोहोचला तो फक्त प्रेस्कॉट. कीर्ती मात्र रिव्हिअरच्या वाट्याला आली, कारण लाँगफेलोने आपल्या काव्यासाठी त्याचीच निवड केली. काव्याने इतिहासावर केलेल्या कुरघोडीचे या एकाच दिवसाच्या कथेत अशा रीतीने एकाहून अधिक दाखले सापडतात.

सूर्योदयाच्या सुमारास मेजर पिटकेर्न याच्या नेतृत्वाखालील आघाडीची पथके लेक्सिंग्टनच्या गावमैदानाजवळ आली. तेथे कॅप्टन जॉन पार्कर याच्या हाताखाली गावसेनेचे सुमारे सत्त्याहत्तर लोक उभे होते. त्यांनी रस्ता अडविलेला नव्हता. पांगण्याचा हुकूम झाला, पुष्कळसे लोक पांगूही लागले, आणि तेवढ्यात कोठून तरी एक बार झाला. तो कोणी केला हे निश्चित करणे तेव्हाही शक्य झाले नाही आणि आजही झालेले नाही. त्यापाठोपाठ ब्रिटिश शिपायांनी हुकमाविनाच गोळीबार सुरू केला. गावसेनेचे आठ लोक ठार व दहा जखमी झाले. ब्रिटिश बाजूस एका शिपायाला किरकोळ जखम झाली.

कॉन्कॉर्ड येथील प्रसंग त्यानंतर काही तासांनी, सकाळी साडेनऊच्या सुमारास घडला. गावाच्या उत्तरेस असलेल्या नदीवरील पुलाच्या रक्षणासाठी कॅप्टन लॉरी याच्याकडे नव्वदच्या आसपास शिपाई होते. पलीकडील टेकडीवर आसपासच्या गावांतून आलेले चारशेंवर लोक जमले होते. गावात शिपायांनी तोफगाडे व इतर लाकूडसामान पेटवून दिले होते. त्याचा धूर टेकडीवरून दिसू लागला तेव्हा घरेच जाळली जात आहेत असा समज होऊन कर्नल जेम्स बॅरेट याने पुलाकडे कूच करण्याचा हुकूम दिला. शत्रूने गोळी झाडल्याखेरीज आपण झाडू नये, अशी त्याची सक्त ताकीद होती. पुलाशी प्रथम गोळीबार केला तो ब्रिटिशांनीच. त्यात ॲक्टन गावचा कॅप्टन आयझॅक डेव्हिस आणि त्याचा सहकारी ॲब्नर हॉस्मर हे जागीच मरण पावले. तेव्हा मेजर जॉन बट्रिक याने प्रत्युत्तराचा हुकूम दिला. त्या गोळीबारात तीन ब्रिटिश शिपायांना प्राण गमवावे लागले, अनेकजण जखमी झाले आणि राजाच्या कवायती फौजेला शेतकऱ्यांपुढून माघार घ्यावी लागली. एमर्सनने पुढे अजरामर केलेला बार तो हाच.

दिवसाचा खरा संहार त्यानंतर झाला. बोस्टनकडे परतणाऱ्या सेनेवर रस्त्याच्या दुतर्फा असलेल्या भिंती, झाडे व घरे यांच्या आडून गोळ्यांचा वर्षाव होत राहिला. लॉर्ड पर्सी सुमारे एक हजार लोकांची कुमक घेऊन लेक्सिंग्टनला पोहोचला नसता तर स्मिथच्या तुकडीपैकी फारसे कोणी परतले नसते. ब्रिटिश बाजूचे त्र्याहत्तर ठार, एकशे चौऱ्याहत्तर जखमी व सव्वीस बेपत्ता झाले; वसाहतवाल्यांचे एकोणपन्नास लोक ठार झाले. या दुपारच्या संहारावर मात्र कोणतेही प्रसिद्ध वचन रचले गेले नाही.

‘जगभर ऐकू गेलेला’ या विशेषणाचा शब्दशः विचार करावयाचा तर बारापेक्षा बातमीचा माग काढणे इष्ट ठरते. मॅसॅच्युसेट्सच्या प्रांतिक काँग्रेसने चार-पाच दिवसांतच प्रत्यक्षदर्शींच्या शपथपूर्वक जबान्या नोंदविण्यास आरंभ केला. लेक्सिंग्टनच्या लोकांनी दिलेल्या जबान्यांचा सूर एकच होता : आपण पांगत होतो, आपण चिथावणी दिली नाही, प्रथम गोळी झाडली ती राजाच्या शिपायांनी. कॅप्टन पार्करनेही आपण लोकांना पांगण्याचा व गोळी न झाडण्याचा हुकूम दिला होता असेच शपथेवर सांगितले. या कागदपत्रांची गाठोडी घेऊन कॅप्टन जॉन डर्बी एप्रिलच्या अखेरीस सेलम बंदरातून ‘क्वेरो’ नावाच्या लहानशा गलबतातून निघाला. वेग वाढावा म्हणून गलबतात माल भरलेला नव्हता. जनरल गेजचे अधिकृत निवेदन घेतलेले जहाज त्याच्या काही दिवस आधी निघूनही मागे राहिले. डर्बी २८ मे रोजी लंडनला पोहोचला आणि सरकारी खलिता त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी. मधल्या काळात वसाहतमंत्री लॉर्ड डार्टमथ याला, सरकारपाशी अद्याप अधिकृत वृत्त आलेले नाही असे राजपत्रातून जाहीर करावे लागले. उलट पक्षी वसाहतींचा प्रतिनिधी आर्थर ली याने, मूळ जबान्या लॉर्ड मेयरकडे कोणालाही पाहण्यासाठी ठेविल्या आहेत असे वृत्तपत्रांतून कळविले. लंडनचा त्या वेळचा लॉर्ड मेयर होता जॉन विल्क्स, म्हणजे राजाचा जुना वैरी. जगाला बार ऐकू गेला तो असा : सुमारे साडेपाच आठवड्यांनी, शपथपत्रांच्या रूपाने, आणि फक्त एका पक्षाच्या तोंडून.

त्या वसंत ऋतूत ब्रिटिश साम्राज्याच्या दुसऱ्या टोकालाही एक युद्ध सुरू झाले होते. मुंबईकर इंग्रजांनी मार्च १७७५ मध्ये रघुनाथरावांशी सुरतेचा तह केला, आणि कॉन्कॉर्डनंतर एक महिना पुरा होण्यापूर्वीच, १८ मे रोजी, गुजरातेत अडास येथे कर्नल कीटिंग आणि रघुनाथराव यांची हरिपंत फडक्यांच्या सैन्याशी लढाई झाली. या दोन घटनांमध्ये आरंभी कोणताही कार्यकारणभाव नव्हता. पुढे मात्र तो निर्माण झाला. १७७८ मध्ये फ्रान्स अमेरिकनांच्या बाजूने युद्धात उतरला. त्याच सुमारास सेंट लुबिन हा फ्रेंच हस्तक पुणे दरबारी वावरत असल्यामुळे फ्रेंचांना पश्चिम किनाऱ्यावर पाय ठेवावयास जागा मिळेल अशी धास्ती वॉरन हेस्टिंग्जला वाटू लागली, आणि बंगालची फौज मध्य हिंदुस्थानातून खुष्कीच्या मार्गाने पश्चिमेकडे पाठविण्याच्या त्याच्या निर्णयामागे ही धास्तीही होती. १७७९ चे वडगाव आणि १७८२ चा सालबाईचा तह यांचा अभ्यास करताना अमेरिकेतील युद्धाचा हा ताण दृष्टीआड करता येत नाही. एमर्सनच्या डोळ्यांपुढे पुणे दरबार खचितच नव्हता. तथापि त्याचे शब्द त्याला वाटले त्याहून काहीसे अधिक खरे होते.

लेक्सिंग्टन आणि कॉन्कॉर्ड या दोन गावांतील मानापमानाचा वाद समजून घेतल्यावाचून एमर्सनच्या गीताचे प्रयोजन ध्यानी येत नाही. १८२४ साली वृद्ध लाफायेत अमेरिकेच्या दौऱ्यावर असता कॉन्कॉर्डला आला. त्याचे स्वागत करताना सॅम्युएल होअर याने, ब्रिटिशांना सशस्त्र प्रतिकार प्रथम झाला तो येथे, अशा आशयाचे उद्गार काढले. लेक्सिंग्टनच्या नागरिकांना ते झोंबले. १८२५ मध्ये इलायस फिनी याने लेक्सिंग्टनच्या लढाईचा इतिहास प्रसिद्ध केला व त्यास त्या दिवशी मैदानावर असलेल्या, अद्याप हयात असलेल्या वृद्धांची शपथपत्रे जोडली. त्यांत आता असे सांगितलेले होते की, लेक्सिंग्टनच्या लोकांनीही उलट गोळ्या झाडल्या. १८२७ मध्ये कॉन्कॉर्डचे धर्मोपदेशक एझ्रा रिप्ली यांनी प्रत्युत्तरादाखल आपला ग्रंथ लिहिला आणि लेक्सिंग्टन येथे झाली ती कत्तल होती, लढाई नव्हे, असे प्रतिपादन केले.

येथे अभ्यासकाने थांबून विचार करावा असे काही आहे. १७७५ साली लेक्सिंग्टनच्या लोकांनी शपथेवर सांगितले ते आपण निरपराध होतो हे. पन्नास वर्षांनी त्याच गावाने शपथेवर सांगितले ते आपण लढलो हे. पहिल्या वेळी श्रोता होता इंग्लंडमधील लोकमत, आणि त्याच्यापुढे निरपराधित्वाला किंमत होती. दुसऱ्या वेळी श्रोता होता स्वतंत्र राष्ट्राचा नागरिक, आणि त्याला हवा होता पराक्रम. दोन्ही वेळच्या साक्षीदारांना खोटारडे ठरविण्याचे कारण नाही. मैदानावरून पांगत असलेल्या काहींनी उलट गोळी झाडली असणे आणि बहुसंख्यांनी झाडली नसणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी संभवतात. पण कोणती गोष्ट आठवावयाची आणि कोणती सोडून द्यावयाची, हे ऐकणाऱ्याच्या अपेक्षेवरून ठरले यात शंका नाही. कॅप्टन पार्कर १७७५ च्या सप्टेंबरातच क्षयाने वारला होता. त्याला पुन्हा विचारावयाची सोयच उरली नव्हती.

हाच पालट चित्रांतही आढळतो. एमॉस डूलिटल याने १७७५ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या ताम्रपटचित्रात लेक्सिंग्टनचे लोक पाठ फिरवून पळताना दिसतात. त्यांच्यापैकी कोणीही गोळी झाडीत नाही. एकोणिसाव्या शतकात जसजशी नवी चित्रे निघाली तसतसे उलट वळून बंदूक रोखणारे लोक त्यांत वाढत गेले, आणि १८८६ मध्ये हेन्री सँडहॅम याने रंगविलेल्या भव्य चित्रात सबंध रांग निर्धाराने शत्रूला तोंड देत उभी आहे. हॅरल्ड मर्डॉक याने १९२३ मध्ये या चित्रपरंपरेकडे लक्ष वेधले, तेव्हा ते अनेक वाचकांना रुचले नसल्यास नवल नाही.

एमर्सनचा या वादाशी असलेला संबंध केवळ कवी म्हणून नव्हता. त्याचे आजोबा विल्यम एमर्सन हे १७७५ मध्ये कॉन्कॉर्डचे धर्मोपदेशक होते. पुलालगतचे घर त्यांचेच, आणि चकमक त्या घराच्या आवारातून दिसण्याजोग्या अंतरावर घडली. पुढल्याच वर्षी सैन्यात धर्मगुरू म्हणून गेले असता ते आजारी पडून वारले. त्यांच्या विधवेशी विवाह करून त्या घरात आले ते वर उल्लेखिलेले एझ्रा रिप्ली. म्हणजे कॉन्कॉर्डची बाजू मांडणारा इतिहासकार हा कवीचा सावत्र आजोबा होय. १८३४ मध्ये एमर्सन काही काळ याच घरात राहिला. १८३५ मध्ये गावाच्या स्थापनेस दोनशे वर्षे झाली तेव्हा ऐतिहासिक व्याख्यान देण्याचे काम त्याच्याकडेच आले आणि त्यासाठी त्याने जुनी दप्तरे चाळली. रिप्ली यांनी दिलेल्या जमिनीवर १८३६ मध्ये ग्रॅनाइटचा स्तंभ उभा राहिला, आणि ४ जुलै १८३७ रोजी त्याच्या समर्पणप्रसंगी एमर्सनचे गीत एका जुन्या, सर्वपरिचित स्तोत्राच्या चालीवर समूहाने गायिले. गाणाऱ्यांत तरुण थोरोही होता असे सांगितले जाते. स्वतः कवी त्या दिवशी गावात नव्हता. तो प्लिमथला गेला होता.

स्तंभावरील लेख आणि गीत यांची तुलना केल्यास एक सूक्ष्म भेद नजरेस येतो. ब्रिटिश आक्रमणास पहिला सशस्त्र प्रतिकार येथे झाला, असा स्पष्ट दावा स्तंभावर कोरलेला आहे. म्हणजे गावाची बाजू तेथे दगडात खोदून ठेवली आहे. गीतात ‘पहिला’ हा शब्द प्रसिद्ध ओळीत कोठेही नाही. बाराचे मोल तो पहिला होता यात नसून तो दूरवर ऐकू गेला यात आहे, अशी त्या रचनेची धाटणी आहे. कॉन्कॉर्डचा बार पहिला नव्हताच : त्याच्या आधी लेक्सिंग्टनला आठ माणसे पडली होती आणि खुद्द पुलावरही ब्रिटिशांच्या गोळ्या आधी सुटल्या होत्या. पौर्वापर्याच्या वादात कॉन्कॉर्डला निर्विवाद विजय मिळण्याजोगा नव्हता. प्रतिध्वनीचा मुद्दा पुढे आणताच तो वादच अप्रस्तुत ठरला. हे एमर्सनने हेतुतः केले किंवा कसे, हे सांगता येण्याजोगा पुरावा नाही. परिणाम मात्र लेक्सिंग्टनच्या दृष्टीने विपरीत झाला असे नव्हे. पुढील पिढ्यांनी ओळ घेतली, पूल सोडून दिला, आणि लेक्सिंग्टनच्या अज्ञात पहिल्या बारालाच ती चिकटविली. आज कित्येक पाठ्यपुस्तकांत ती लेक्सिंग्टनच्या चित्राखाली आढळते.

समर्पणसमारंभाच्या वेळी त्या जागी पूलही नव्हता. जुना पूल १७९३ मध्येच काढून टाकण्यात आला होता. आज तेथे दिसणारे पुलाचे रूप पुनर्रचित आहे. पहिली पुनर्रचना १८७५ च्या शतसांवत्सरिक उत्सवासाठी झाली. त्याच वेळी डॅनियल चेस्टर फ्रेंच या तरुण शिल्पकाराने घडविलेला, एका हाती नांगर व दुसऱ्या हाती बंदूक असलेल्या शेतकऱ्याचा कांस्यपुतळा राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या उपस्थितीत उभारण्यात आला. जुन्या तोफा वितळवून त्याचे ओतीव काम झाले. पुतळ्याच्या चौथऱ्यावर गीताचे पहिले कडवे कोरले गेले आणि सुटी ओळ जनमानसात रुजण्यास तेथून खरी सुरुवात झाली. दुसऱ्या महायुद्धात युद्धकर्जाच्या जाहिरातींवर हेच शिल्प झळकले.

त्या पुलाशी निगडित असलेली एक गोष्ट गीतात, स्तंभावर वा चौथऱ्यावर नाही. जखमी होऊन पुलाजवळ पडलेल्या एका ब्रिटिश शिपायाला गावातील एका तरुणाने कुऱ्हाडीने मारले. परतणाऱ्या शिपायांनी ते प्रेत पाहिले आणि वसाहतवाल्यांनी जखमींच्या कवट्या सोलल्या अशी वार्ता ब्रिटिश गोटात पसरली. तिचे खंडन करण्यासाठी प्रेते पुरणाऱ्या दोघांच्या जबान्या घेण्यात आल्या. त्यांनी शपथेवर सांगितले की, कवटी सोललेली नव्हती. ते खरे होते. कुऱ्हाडीविषयी त्यांनी काही सांगितले नाही, आणि त्यांना कोणी विचारलेही नाही. पुढे नॅथॅनियल हॉथॉर्न त्याच घरात भाड्याने राहिला तेव्हा त्याने ही कथा ऐकली आणि त्या तरुणाच्या मनावर जन्मभर काय ओझे राहिले असेल, याविषयी १८४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या लेखनात विचार केला. पुलावरच्या त्या सकाळीचे वर्णन करणाऱ्या सर्व साहित्यिकांत त्याचेच लक्ष त्या तरुणाकडे गेले.

२८ जून १९१४ रोजी सारायेवो येथे गाव्रिलो प्रिन्सिप या एकोणीस वर्षांच्या तरुणाने ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांचा पिस्तुलाने वध केला. बार दोन झाले होते. शब्दप्रयोगात त्यांचा एकच झाला. येथेही जवळच एक पूल होता हा निव्वळ योगायोग. इंग्रजी लेखनात कॉन्कॉर्डचे शब्द या हत्येस जोडले गेले तेव्हा त्यांचा रोख पूर्णपणे फिरला. कॉन्कॉर्डचा बार एका राष्ट्राच्या जन्माची द्वाही म्हणून गौरविला गेला होता. सारायेवोचा बार ऐकू गेला तो संहाराची नांदी म्हणून. मात्र शब्दशः पाहता या दुसऱ्या उपयोगाइतका यथार्थ उपयोग दुसरा नाही. पुणे डिव्हिजन म्हणून ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात लढली व कूत-अल-अमारा येथे वेढली जाऊन २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. तिच्या मराठा पलटणींत कोकण-देशावरील गावांचे जे शिपाई होते, त्यांच्या घरी सारायेवोचे नाव माहीत नसतानाही त्या बाराचा परिणाम पोहोचला.

बेसबॉलकडे वळण्यापूर्वी एक प्रचलित समज दुरुस्त करावयास हवा. हा शब्दप्रयोग क्रीडाक्षेत्रात प्रथम १९५१ मध्ये आला असे सामान्यतः मानले जाते. वस्तुतः ७ एप्रिल १९३५ रोजी ऑगस्टा येथील गोल्फच्या स्पर्धेत जीन सॅराझेन याने पंधराव्या खळगीवर सुमारे २३५ यार्डांवरून चेंडू थेट खळगीत घातला, आणि त्या फटक्यालाही हेच नाव मिळाले. प्रत्यक्षात तो पाहणारे लोक अगदी थोडे होते. १९५१ चे वैशिष्ट्य प्राथम्यात नाही. ते निराळ्या गोष्टीत आहे.

त्या वर्षी नॅशनल लीगच्या अजिंक्यपदासाठी ब्रुकलिन डॉजर्स आणि न्यूयॉर्क जायंट्स या एकाच महानगरातील दोन संघांत चुरस होती. ऑगस्टच्या मध्यास जायंट्स सुमारे तेरा सामन्यांनी मागे होते. त्यानंतरच्या चव्वेचाळीस सामन्यांपैकी सदतीस जिंकून त्यांनी बरोबरी साधली. बरोबरी फोडण्यासाठी तीन सामने ठरले. पहिला जायंट्सनी ३–१ असा आणि दुसरा डॉजर्सनी १०–० असा जिंकला. ३ ऑक्टोबर रोजी पोलो ग्राउंड्स या जायंट्सच्या मैदानावर तिसरा सामना झाला. प्रेक्षक ३४,३२० होते. नवव्या व अखेरच्या डावास जायंट्स ४–१ असे पिछाडीवर होते. दोन फलंदाज बेसवर पोहोचले, एक बाद झाला, आणि व्हायटी लॉकमनच्या फटक्याने एक धाव झाली. डॉजर्सनी चेंडू टाकण्यासाठी डॉन न्यूकॉम्बच्या जागी राल्फ ब्रँका यास आणले. त्याच्या दुसऱ्या चेंडूवर बॉबी टॉमसन याने डावीकडच्या प्रेक्षागारात टोला मारला. बेसबॉलमध्ये चेंडू असा कुंपणापलीकडे गेला म्हणजे फलंदाज आणि बेसवर असलेले त्याचे सहकारी या सर्वांच्या धावा पुऱ्या होतात. क्रिकेटमधील षटकाराशी त्याची तुलना करता येईल, परंतु षटकाराचे मोल ठरलेले असते व याचे प्रसंगानुसार बदलते. येथे ते तीन होते. जायंट्स ५–४ असे जिंकले. तो मैदानाचा कोपरा अवघा २७९ फुटांवर होता, हे डॉजर्सचे चाहते सांगत राहिले.

दुसऱ्या दिवशी ‘डेली न्यूज’ या दैनिकाच्या मथळ्यात एमर्सनचे शब्द आले, पण एका भरीच्या शब्दासह : बार ऐकू गेला तो बेसबॉलच्या जगात. मथळा लिहिणाऱ्यास आपल्या अतिशयोक्तीची जाणीव होती व त्याने ती विनोदाने सावरून घेतली होती. कालांतराने तो शब्द गळून पडला आणि अतिशयोक्ती तेवढी उरली.

पण ती सर्वस्वी अतिशयोक्ती होती काय? कॉन्कॉर्डचा बार प्रत्यक्ष कानांनी ऐकणारे फार तर काही शेकडा लोक असतील. टॉमसनचा फटका आकाशवाणीवरून देशभर ऐकू गेला. खंडपार दूरचित्रवाणीचे जाळे त्याच सप्टेंबरात सुरू झाले होते, म्हणून कॅलिफोर्नियापर्यंत तो दिसलाही. सैन्यासाठी असलेल्या आकाशवाणीवरून कोरियातील अमेरिकन शिपायांनी तो ऐकला. जायंट्सचा निवेदक रस हॉजेस याने भान हरपून संघ जिंकल्याचे एकच वाक्य चार वेळा उच्चारले. ते निवेदन आज ऐकावयास मिळते, कारण ब्रुकलिनमधील एका श्रोत्याने नोकरीवर जाताना आपल्या आईला ध्वनिमुद्रणाचे यंत्र चालू करावयास सांगून ठेवले होते. ‘ऐकू गेलेला’ हे विशेषण १८३७ मध्ये रूपक होते. एकशे चौदा वर्षांनी ते वस्तुस्थितीचे वर्णन झाले, आणि तेही खेळाच्या बाबतीत.

३ ऑक्टोबरलाच अमेरिकन सरकारने आणखी एक वृत्त जाहीर केले होते : सोव्हिएत रशियाने दुसरा अण्वस्त्रस्फोट केला आहे. तो स्फोट २४ सप्टेंबरला झाला होता. ४ ऑक्टोबरच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर टॉमसनचा विजय आणि रशियाचा स्फोट शेजारी शेजारी छापलेले आहेत. कोणता आवाज कोणाला ऐकू गेला, याची नोंद घेण्याच्या दृष्टीने हे एक पान पुष्कळ ग्रंथांच्या तोडीचे आहे. डॉन डीलिलो या कादंबरीकाराने १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘अंडरवर्ल्ड’ या कादंबरीचा प्रारंभ याच सामन्यापासून केला तो उगाच नव्हे.

लेक्सिंग्टनप्रमाणे येथेही पन्नास वर्षांनी साक्षी बदलल्या. १९५१ च्या जुलैपासून जायंट्सचा एक माणूस मैदानाच्या मध्यापलीकडील, फलंदाजाच्या समोर पडणाऱ्या खोलीतून दुर्बिणीने यष्टिरक्षकाच्या जागी बसणाऱ्या प्रतिस्पर्धी खेळाडूच्या खुणा टिपीत असे. तेथून विजेच्या घंटीने राखीव खेळाडूंच्या जागी इशारा जाई आणि तेथून हातवाऱ्याने तो फलंदाजाला कळविला जाई. त्या वर्षीच्या नियमांत या कृत्याला स्पष्ट मनाई नव्हती. कुजबूज बरीच आधीपासून होती आणि १९६२ मध्ये एका वृत्तसंस्थेने तशी बातमीही दिली होती. परंतु जोशुआ प्रेगर या पत्रकाराने २००१ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मधून हयात खेळाडूंच्या कबुलीजबाबांसह सर्व हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हा तिला पुराव्याचे वजन आले. या व्यवस्थेचा लाभ आपण हंगामात घेतल्याचे टॉमसनने अमान्य केले नाही. त्या विशिष्ट चेंडूची खूण मात्र आपण घेतली नव्हती असे त्याने सांगितले. ब्रँकाला ही गोष्ट १९५४ मध्येच एका सहकाऱ्याकडून कळली होती, आणि जवळजवळ अर्धशतक त्याने तिची जाहीर वाच्यता केली नव्हती. मधल्या वर्षांत हे दोघे मेळाव्यांतून एकत्र येत, एकाच चेंडूवर दोघेही सह्या करीत. टॉमसन २०१० मध्ये वारला व ब्रँका २०१६ मध्ये.

१९५७ च्या हंगामानंतर दोन्ही संघ कॅलिफोर्नियास निघून गेले. पोलो ग्राउंड्स १९६४ मध्ये पाडण्यात आले व तेथे उंच निवासी इमारती उभ्या राहिल्या. टॉमसनने टोलविलेला चेंडू प्रेक्षागारात कोणाच्या हाती लागला, हे सिद्ध झालेले नाही. तो आपल्यापाशी आहे असे सांगणारे अनेकजण पुढे आले. त्यांपैकी एकाचाही दावा पुराव्याने टिकला नाही.